एमटीआरआर: लिनक्स कर्नलमधला छोटा पर्याय, ग्राफिक्सवर मोठा परिणाम

लिनक्सचं कर्नल स्वतः कंपाइल करत असाल, तर मेन्युकॉन्फिगमध्ये प्रोसेसरच्या विभागात एमटीआरआर हा पर्याय असतो (एक्सपर्ट पर्याय चालू असेल तरच दिसतो). तो बंद करू नका!

मेमरीच्या कोणत्या पट्ट्याला कॅश वापरायचा आणि कोणत्याला नाही, हे प्रोसेसरला सांगणारे रजिस्टर म्हणजे एमटीआरआर (मेमरी टाइप रेंज रजिस्टर). इंटेलने ते 1995च्या पेंटियम प्रोपासून दिले. खरी गंमत 'राइट-कंबाइनिंग'ची आहे. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीला साधा कॅश चालत नाही, कारण लिहिलेलं कॅशमध्ये न अडकता कार्डापर्यंत पोचायला हवं. पण कॅश पूर्ण बंद केला, तर प्रत्येक छोटं लेखन वेगळं जातं. राइट-कंबाइनिंगमध्ये प्रोसेसर ती लेखनं बफरमध्ये जमवून एकदम पाठवतो. एकेक वीट नेण्याऐवजी घमेलं भरून न्यावं तसं. कर्नलच्या मदत-मजकुरातच चित्रलेखन अडीच पट किंवा त्याहून वेगवान होऊ शकतं असं म्हटलंय.

अडचण अशी, की हे रजिस्टर मोजकेच असतात, अनेक इंटेल प्रोसेसरांत आठ, आणि पट्ट्याचा आकार दोनच्या घातातच लागतो. बायोसने ते आधीच वापरून टाकले, तर ग्राफिक्ससाठी उरत नाहीत. म्हणून पेंटियम थ्रीपासून पॅट (पेज अ‍ॅट्रिब्यूट टेबल) आलं: कॅशचा प्रकार थेट प्रत्येक पेजवर ठरतो. माझ्या मते हा उपाय जास्त देखणा आहे. लिनक्समध्ये पॅटचा पर्याय एमटीआरआरवरच अवलंबून आहे, त्यामुळे दोन्ही चालू ठेवा. सोबत डीआरएम या ग्राफिक्सच्या विभागात आपल्या कार्डाचा ड्रायव्हर निवडा: बहुतेक इंटेलला आय-915, नव्या एएमडीला एएमडीजीपीयू.