बाभळीत उतरलेला निळा रंग

मराठवाड्यात बाभूळ म्हटलं की आठवतात औतं आणि गाडीची चाकं. आखाडा बाळापूरच्या एका सुतारकामाच्या शेडमध्ये मात्र जुन्या बैलगाडीतून निघालेल्या बाभळीच्या फळीचा टीपॉय होत होता. फळीची लांब भेग निळ्या इपॉक्सी रेझिननं भरली होती. भेग सुरेख भरली, पण निळा रंग तिथं थांबला नाही. कडेच्या पांढुरक्या लाकडात तो चांगला दोन बोटं पसरला होता.

रेझिन आणि हार्डनर एकत्र केल्यावर घट्ट व्हायला काही तास जातात. तोवर तो रंगीत द्रव लाकडातल्या नळ्यांत शिरत राहतो. झाड याच नळ्यांतून पाणी वर चढवत असतं, म्हणून रंगही रेषांच्या दिशेनं लांब पळतो, आडवा कमी. फळीच्या कापलेल्या टोकाला नळ्यांची तोंडं उघडी असतात. तिथं तो सगळ्यांत खोल जातो.

मिस्त्रींनी आधी स्पिरिटचा बोळा फिरवून सगळे डाग उठवून पाहिले. बोल्टाच्या भोकांभोवतीचा निळसर काळा डाग दाखवून म्हणाले, "हा रेझिनचा नाही भाऊ, लोखंडाचा हाय." बाभळीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून तर तिची साल कातडी कमावायला वापरतात. ओल्या लोखंडाशी टॅनिनचा संबंध आला की लाकूड काळं पडतं. हा डाग कोमट पाण्यात विरघळवलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडनं फिका होतो. नंतर फळी स्वच्छ पाण्यानं पुसायची, आणि हातमोजे घालूनच. रेझिनच्या रंगावर मात्र हे ॲसिड काही करत नाही.

ओलं रेझिन ॲसिटोननं पुसता येतं, तेही जपून. फडकं चिंब केलं तर पातळ झालेला रंग आणखी आत जातो. एकदा घट्ट झालेल्या रेझिनला थिनर विरघळवू शकत नाही. आमच्या हळदीच्या पट्ट्यात कपड्यावरचा पिवळा डाग उन्हात टाकला की विरतो. पण निळ्या पिगमेंटला ऊन सहसा काही करत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो.

मिस्त्रींनी हॉट एअर गननं वरचा थर कोमट केला. मऊ झालेलं रेझिन पटाशीच्या सपाट धारेखाली सालीसारखं उठलं. मग स्क्रेपर हातात घेतला. पोलादाच्या या पातळ पत्र्याच्या कडेला बारीक धार वळवलेली असते. पहिला पापुद्रा गडद निळा निघाला, पुढचे राखाडी, आणि मग लाकडाचा स्वतःचा रंग दिसू लागला. पॉलिश पेपर सुरुवातीला का नको, हे इथं नीट कळतं. घासण्याच्या उष्णतेनं रेझिन चिकट होऊन पेपर भरतो आणि निळी भुकटी आसपासच्या उघड्या नळ्यांत बसते. डाग एका जागी होता, तो फळीभर होतो. शिवाय पूर्ण न सुकलेल्या इपॉक्सीची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून तोंडावर मास्क हवाच.

माझ्या मते खरं कसब कुठं थांबायचं यात आहे. एकाच जागी खरवडत गेलं तर खळगा पडतो आणि पॉलिशनंतर उजेडात तो डागापेक्षा जास्त खुपतो. म्हणून मिस्त्री रुंद पट्ट्यात खरवडत, मधूनमधून पट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का ते पाहत. टोकाकडचा निळा फार खोल होता. तिथं त्यांनी सरळ करवत लावली.

दुसऱ्या फळीच्या वेळी भेगेच्या आतल्या भिंतींना आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लावला. पळस, बोरीसारख्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली ही लाखही मुळात रेझिनच. तिच्यातला लाल रंग धुऊन काढल्यावरच चपडा तयार होतो. मिस्त्री मेण काढलेला चपडा वापरतात. मेण राहिलं तर इपॉक्सीची पकड ढिली पडते. चपडा सुकला, नळ्यांची तोंडं बुजली, मगच निळं रेझिन ओतलं. सुकल्यावर रंधा फिरवला तेव्हा निळ्याची कड भेगेला धरूनच होती.