मधुमेह आणि वजन घटविण्याची शस्त्रक्रिया

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी धर्मादाय निधी का खर्ची पडावा, अशी पृच्छा काही देणगीदार आमच्याकडे करतात. शंका रास्त आहे. केवळ सुडौल दिसण्यासाठी कोणी शस्त्रक्रिया करवून घेणार असेल, तर त्याचा भार निधीवर पडू नये, असेच आमचेही मत आहे. परंतु येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे, त्या रुग्णांना स्थूलतेबरोबरच टाइप टू मधुमेह जडलेला असतो. औषधे व इन्शुलिन घेऊनही त्यांची रक्तशर्करा आटोक्यात येत नाही आणि डोळे, मूत्रपिंडे व पाय यांना असलेला धोका वाढत जातो.

या शस्त्रक्रियेचा मधुमेहावरील परिणाम जवळजवळ योगायोगानेच उमगला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात डॉ. वॉल्टर पोरीज व त्यांचे सहकारी स्थूल रुग्णांवर जठराची बायपास शस्त्रक्रिया करीत असत. त्यांतील मधुमेहींची साखर, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येते असे त्यांना आढळले. १९९५ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून अरुंद नळी तेवढी ठेवतात. दोन्हींत अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते व तेथून जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास प्रवृत्त करते आणि भूक मंदावते. हल्ली ज्यांची फार चर्चा होते ती सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात.

तथापि, 'मधुमेह कायमचा बरा' ही जाहिरातीतील भाषा आम्हांस मान्य नाही. क्लीव्हलँड क्लिनिकने १५० रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक अभ्यासात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक, म्हणजे एचबीए१सी, ६ टक्के वा त्याखाली आणण्याचे उद्दिष्ट होते. एका वर्षानंतर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी १२ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी ३७ टक्के, तर बायपास झालेल्यांपैकी ४२ टक्के रुग्णांनी ते गाठले. पाच वर्षांनी हेच आकडे अनुक्रमे ५, २३ व २९ टक्के होते. लाभ ओसरतो; तरीही तो औषधांहून बराच अधिक उरतो. मधुमेह अलीकडचा असेल आणि इन्शुलिन सुरू झाले नसेल, तर यशाची शक्यता वाढते. टाइप वन मधुमेहावर हा उपचार नव्हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावर भारतीय माणूस फसवा दिसतो. म्हणूनच शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली आशियाई व्यक्तींसाठी २७.५ पासून या शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचविले. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या निकषांत मात्र ४०, अथवा अनियंत्रित मधुमेहासारखी गंभीर व्याधी असल्यास ३५, हा निर्देशांक धरला आहे. या दोहोंमधील रुग्णास विम्याचा आधार मिळेलच असे नाही. निधीची गरज मुख्यतः त्यालाच भासते.

कुटुंबीयांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. रक्तस्राव किंवा जोडातून गळती हे धोके थोड्यांनाच संभवतात, पण लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची पूर्तता प्रत्येकाला आयुष्यभर करावी लागते. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता मुळातच आढळते. बायपासनंतर अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या परस्पर घेतल्यास व्रण होऊ शकतो. यास्तव साहाय्य मंजूर करताना आम्ही पुढील तपासण्यांचा व पूरक औषधांचा खर्चही हिशेबात धरतो. नियमित तपासणीस येणे ज्याला शक्य नाही, त्याला, निधी शिल्लक असला तरी, तूर्त औषधोपचारच चालू ठेवण्याचा सल्ला देतो.