पोट स्वतःच्या डोक्यानं चालतं

घास गिळला की आपला त्याच्यावरचा ताबा संपला. पुढचं सगळं आतडं बघतं. १८९९ मध्ये लंडनला विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू तोडून पाहिले. आतड्याचं काहीच अडलं नाही! आत गोळा असला की त्याच्या मागचा भाग आवळायचा, पुढचा सैल पडायचा आणि गोळा सरकायचा.

ही करामत आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींची. त्या १० कोटींहून जास्त आहेत. गोळ्याच्या मागे त्या ॲसिटिलकोलिन आणि ‘सबस्टन्स पी’ सोडतात, तिथला स्नायू आकसतो. पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड आणि ‘व्हीआयपी’ नावाचं २८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड सुटतं, तिथला स्नायू सैलावतो. ठेका धरायला वेगळ्या पेशी आहेत, त्यांना ‘काहालच्या पेशी’ म्हणतात. जठरात मिनिटाला साधारण ३ लाटा, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२.

सबस्टन्स पी सापडलं १९३१ मध्ये. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक अर्क काढला. सशाच्या आतड्याचा तुकडा त्या अर्कात आकसू लागला. ‘पी’ म्हणजे नुसती पावडर! ते ११ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे हे कळायला पुढची जवळपास ४० वर्षं गेली. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की मेंदू आणि आतडं एकाच रसायनात बोलतात.

त्याचा आणखी झकास पुरावा ॲबर्डीनचा. मॉर्फिननं गिनीपिगच्या आतड्याची हालचाल मंदावते, हे ठाऊक होतं. मग मेंदूच्या अर्कात तसंच काही आहे का? जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी हे तपासायला ज्या ऊती वापरल्या, त्यांत गिनीपिगचं आतडंही होतं. १९७५ मध्ये एन्केफॅलिन मिळाली, शरीरानं स्वतः बनवलेली अफूच म्हणा. मॉर्फिन आतड्यातल्या ज्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या कुलपाला लागतं, त्यालाच जुलाबावरचं लोपेरामाइड लागतं. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत शिरत नाही, म्हणून नशा येत नाही.

पोटात कावळे कोकलतात तेव्हा काय होतं? उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक जोरदार लाट निघते आणि उरलंसुरलं झाडून पुढे नेते. तिला इशारा देतं मोटिलिन, २२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. खाल्लं की लाट थांबते. दिवसभर चरत राहणाऱ्यांच्या पोटात ही झाडलोट होणार कधी? एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनच्याच ग्राहीला चिकटतं, म्हणून ते घेतल्यावर काहींच्या पोटात कळा येतात. मंदावलेल्या जठराला चालना द्यायला डॉक्टर तेच वापरतात.

गंमत म्हणजे उंदरांत मोटिलिन नसतंच. प्रयोगशाळांची मोठीच पंचाईत! जपानी संशोधकांनी त्यासाठी एक प्राणी निवडला, तो आपल्या घराच्या भिंतीकडेनं चिकचिकत पळतो: चिचुंद्री.

आता एक गंभीर गोष्ट. प्रसूतीनंतर नर्स पुन्हा पुन्हा विचारते, “बाळानं शी केली का?” बहुतेक बाळं पहिल्या दोन दिवसांत करतात. गर्भात आतड्याच्या चेतापेशी मुख्यतः मानेच्या बाजूनं खाली सरकत येतात. साधारण ५,००० बाळांत एकाच्या त्या शेवटपर्यंत पोचत नाहीत. कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. चेतापेशी नसलेला भाग लुळा पडेल असं वाटतं ना? तो उलट आवळलेलाच राहतो, कारण ‘सैल हो’ सांगणारं तिथं कुणी नसतं. शस्त्रक्रियेत तो तुकडा काढून वरचं निरोगी आतडं खाली आणून जोडतात. कुठवर कापायचं, हे ठरवायला भिंतीचा नमुना तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि चेतापेशी शोधतात.