गुलमर्गचा पहिला बर्फ

काश्मीरमध्ये हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला की घराघरांत एक गंमत चालते. बर्फाचा लहानसा गोळा कागदात गुंडाळून किंवा डब्यात लपवून कुणीतरी तो नातलगाच्या हाती देतो आणि ‘नव शीन’, म्हणजे ‘नवा बर्फ’, असे म्हणतो. ज्याने बेसावधपणे तो घेतला तो हरला. मग त्याने मेजवानी द्यायची. या आनंदामागे कारण आहे. बर्फ म्हणजे उन्हाळ्यात झऱ्यांना येणारे पाणी, भाताचे शेत आणि सफरचंदाची बाग. गुलमर्ग आणि त्याच्या पायथ्याच्या टंगमर्गमधील कितीतरी कुटुंबांची तर हिवाळ्याची रोजीच त्यावर आहे.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. येथे स्कीइंग नवे नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब काढला होता. गोंडोला म्हणजे रोपवेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा २००५ मध्ये अफरवत डोंगरावर सुमारे ३९०० मीटरच्याही वर पोहोचला. युरोपातील अनेक ठिकाणी यंत्रांनी बर्फ तयार करून उतारांवर पसरतात आणि हंगाम वेळेवर सुरू करतात. गुलमर्गचे उतार मात्र मुख्यतः आभाळातून पडणाऱ्या बर्फावरच अवलंबून आहेत.

अफरवतचा माथा बहुधा नोव्हेंबरमध्येच पांढरा होतो. खालच्या मैदानात मात्र कधी चार बोटे, कधी वीतभर बर्फ साचतो आणि दोन दिवसांच्या उन्हात पुन्हा गवत दिसू लागते. खरा भरवसा असतो तो चिल्ला-ए-कलाँचा. २१ डिसेंबरपासूनचे हे ४० दिवस कडाक्याच्या थंडीचे. यात पडलेला बर्फ टिकतो, एकावर एक थर बसतात आणि स्कीसाठी पक्का पाया तयार होतो.

पण शौकीन माणसाला तेवढा धीर कुठला? हंगाम पुरता सुरू होण्याआधीच काही जण डोंगर चढू लागतात. स्कीच्या तळाला बर्फ धरून ठेवणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या, पायी वर जायचे, पट्ट्या काढायच्या आणि घसरत खाली यायचे. गर्दी नाही, आवाज नाही, कुणाच्या पाऊलखुणा नाहीत. हा आनंद खरा आहे, पण धोकाही तितकाच खरा आहे. पातळ बर्फाखाली दगड, झाडांचे बुंधे आणि कुंपणाच्या तारा लपलेल्या असतात. म्हणून जाणकार या दिवसांत जुनी, खरचटली तरी चालतील अशी स्की वापरतात, वेग कमी ठेवतात आणि शक्यतो गवताळ, सपाट उतार निवडतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. बर्फाचा थर पातळ असताना खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा त्याहून खूपच थंड. त्यामुळे खालची वाफ थरातून वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना न चिकटणाऱ्या, साखरेसारख्या दाण्यांत बदलतात. पुढे त्यावर जड बर्फ पडला की सगळा डोलारा त्या सुट्या दाण्यांवर उभा राहतो. एका माणसाच्या वजनानेही तो सुटू शकतो. हिमस्खलन होते ते असे. म्हणजे सुरुवातीचा विरळ बर्फ वितळून गेला नाही, तर पुढे अनेक आठवडे पोटात धोका बाळगून राहतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची असतात. म्हणून शोधयंत्र, लांब काठी, फावडे आणि ते वापरू शकणारा साथीदार यांशिवाय जाणकार बाहेरच्या उतारांवर पाऊल ठेवत नाहीत.

बर्फ उशिरा आला तर काय होते, तेही अलीकडे दिसले. जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत येईपर्यंत गुलमर्गची मैदाने तपकिरी होती. स्लेज ओढणारे, घोडेवाले, बूट-कोट भाड्याने देणारे आणि स्की शिकवणारे तरुण आभाळाकडे पाहत बसले. खोऱ्यात नमाज-ए-इस्तिस्का अदा करण्यात आली. महिनाअखेरीस बर्फ पडला आणि खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पार पडल्या. २०२५ मध्ये मात्र त्याच स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

याच उतारांनी आरिफ खान घडवला. टंगमर्ग भागातला हा मुलगा चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला. वडिलांचे गुलमर्गला स्की-साहित्याचे दुकान होते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. बर्फाचे दिवस असे कमी होत गेले, तर पुढच्या आरिफने शिकायचे कुठे, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक शिक्षकापुढे आहे.

मुंबई-पुण्याकडची अनेक कुटुंबे नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जातात. ‘बर्फ नक्की मिळेल’ असे कुणी छातीठोक सांगितले तरी तारखेवर विसंबू नका. निघण्यापूर्वी मैदानात बर्फ किती आहे, गोंडोलाचा कोणता टप्पा चालू आहे, हे विचारून घ्या. मुलांना स्की शिकवायची असेल तर गोंडोलाच्या पायथ्याचे सौम्य उतार पुरेसे आहेत. दर आधीच ठरवा. वरच्या उतारांबाबत स्की पेट्रोलचा आणि स्थानिक गाईडचा शब्द अखेरचा माना. ‘आज नको’ असे तो म्हणाला, तर त्या दिवसाची त्याची स्वतःची कमाईही बुडणार असते, हे ध्यानात ठेवा. आपले नुकसान करून जो माणूस नको म्हणतो, त्याचे ऐकण्यातच शहाणपण आहे.