पेटीतल्या बाळाच्या छातीवर

अपुऱ्या दिवसांचं बाळ पेटीत ठेवलं की त्याच्या इवल्याशा अंगाला वायरींचा विळखा पडतो. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड, पायाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा, पोटावर तापमानाचा प्रोब. सगळं चिकटपट्टीने धरलेलं. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची त्वचा इतकी कोवळी असते की पट्टी काढताना वरचा थर सोलून येऊ शकतो. शिवाय या गुंत्यामुळे आईला बाळ उराशी धरणं अवघड होतं, आणि तिथे तर त्याचं खरं औषध असतं. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी पेट्या कमी पडतात म्हणून बाळं आईच्या छातीला बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटनाही या ‘कांगारू केअर’चा आग्रह धरते.

वायरी काढायच्या, पण नजर हटू द्यायची नाही, हे जमलं ते पदार्थविज्ञानामुळे. एरवी सिलिकॉन ठिसूळ. पण तोच केसापेक्षा शेकडो पट पातळ केला की वाकतो. त्याला जोडणाऱ्या धातूच्या तारा नागमोडी आखल्या, की त्वचा ताणली जाताना वळणं उलगडतात आणि धातूवर ताण येत नाही. अमेरिकी संशोधक जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये असं त्वचेसारखं लवचीक इलेक्ट्रॉनिक्स जगापुढे मांडलं. २०१९मध्ये त्यांच्याच गटाने शिकागोच्या रुग्णालयांत नवजात बाळांवर दोन मऊ पट्ट्या वापरून पाहिल्या. एक छातीवर, दुसरी पावलावर. पट्टीत बॅटरी नव्हती. गादीखालच्या अँटेनातून तिला वीज मिळत होती. छातीत ठोका पडल्यापासून नाडीची लाट पावलाशी पोहोचायला किती वेळ लागतो, यावरून रक्तदाबातले बदल ताडता येतात. रक्तदाब सतत मोजण्यासाठी बाळाच्या धमनीत नळी घालावी लागते हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

बाळ रडतं, पाय झाडतं, की संकेत गढूळ होतो. तो गाळून ठोके ओळखण्याचं काम पट्टीतली चिपच करते. पण गणित याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतं. व्हर्जिनिया विद्यापीठात रँडल मूरमन यांच्या गटाला दिसलं, की सेप्सिसची, म्हणजे जीवघेण्या जंतुसंसर्गाची, लक्षणं उमटण्याच्या काही तास आधीच बाळाच्या ठोक्यांतला स्वाभाविक चढउतार मावळतो आणि मधूनमधून ठोके मंदावतात. डोळ्यांना हे सहज कळत नाही. संगणक मात्र त्यावरून पुढच्या २४ तासांतला धोका आकड्यात सांगतो. अमेरिकेतल्या ९ केंद्रांत अत्यंत कमी वजनाच्या ३,००३ बाळांवर याची चाचणी झाली. ज्या बाळांचा हा आकडा डॉक्टरांसमोर होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के राहिलं. ज्यांचा नव्हता, त्यांच्यात १०.२. तेव्हा संकेत वायरींतूनच येत होते. तेच गणित मऊ पट्ट्यांवर चालू लागलं, तर आईच्या कुशीतल्या बाळावरही तशीच नजर राहील.

मात्र हे गणित कोणाच्या शरीरावरून शिकतं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑक्सिजन मोजणारा प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन तो शोषतं. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२०मध्ये दाखवलं, की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायकरीत्या उतरलेला असण्याचं प्रमाण गोऱ्या प्रौढ रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं.

फरक केवळ रंगाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्याकडचं सरासरी जन्मवजन २.७ किलो, तिथलं ३.५. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी. तरी पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली. अमेरिकी बाळांच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राला या शरीराची ओळख कुठून असणार? पुण्याच्या ससूनसारख्या रुग्णालयांतल्या बाळांच्या नोंदी, आईवडिलांची परवानगी घेऊन आणि नावं वगळून, या शिक्षणात आल्या पाहिजेत. धोक्याची रेषा आपल्या बाळांवर तपासून घेतल्याशिवाय असं यंत्र इथल्या नवजात अतिदक्षता विभागांत लावू नये.