नाव सांगा, नाहीतर 18 महिने आत

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.

आज बोलूया मार्क फायनारू-वाडाबद्दल. हा तेव्हा 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या पेपरचा रिपोर्टर होता. क्रीडा पत्रकार म्हटलं की आपल्याला स्कोअरकार्ड आणि मॅचनंतरची मुलाखत आठवते. याच्या वाट्याला आले कोर्टाचे कागद आणि तोंड न उघडणारी माणसं.

3 सप्टेंबर 2003 ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेममध्ये 'बाल्को' नावाच्या कंपनीवर छापा पडला. वरवर धंदा फूड सप्लिमेंटचा, आतून मोठमोठ्या खेळाडूंना स्टिरॉइड्सचा पुरवठा. त्यातलं एक होतं 'द क्लिअर', म्हणजे टीएचजी. आता हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? तर डोप टेस्ट ही जुन्या अँटीव्हायरससारखी असते. जे यादीत आहे तेच तिला सापडतं. पॅट्रिक आर्नल्ड या केमिस्टने यादीतच नसलेला रेणू बनवला होता. छाप्याआधी, जून 2003 मध्ये, ट्रेव्हर ग्रॅहम या अॅथलेटिक्स कोचने एक वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली. डॉन कॅटलिन यांच्या लॉस एंजेलिसमधल्या लॅबने तो रेणू ओळखला आणि त्याची टेस्ट तयार केली.

खेळाडूंना ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला बोलावलं गेलं. अमेरिकेत ही साक्ष गोपनीय असते. पण डिसेंबर 2004 मध्ये फायनारू-वाडा आणि त्याचा सहकारी लान्स विल्यम्स यांनी ती छापली. बेसबॉलपटू जेसन जिआंबीने स्टिरॉइड्स घेतल्याचं कबूल केलं होतं. बॅरी बॉण्ड्स म्हणाला होता की ट्रेनरने दिलेलं मलम आणि थेंब आपण जवसाचं तेल वगैरे समजून वापरले.

लक्षात घ्या, बॉण्ड्स हा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा, म्हणजे त्याच शहराचा हिरो. 2001 मध्ये एका सीझनमध्ये 73 होमरन मारून त्याने विक्रम केलेला. आपल्याच वाचकांच्या लाडक्याबद्दल हे छापायचं म्हणजे शिव्या ठरलेल्याच.

पण परिणाम झाला. 2004 मध्ये मेजर लीग बेसबॉलमध्ये पहिल्यांदा सापडलात तर फक्त उपचार होते, सामन्यांची बंदी नव्हती. 2005 संपेपर्यंत पहिल्या चुकीला 50 सामन्यांची बंदी आली. मधल्या काळात अमेरिकन काँग्रेसमध्ये जाहीर सुनावणीही झाली.

मग खरी कसोटी आली. साक्ष फोडली कोणी? मे 2006 मध्ये दोघांना समन्स आलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पत्रकाराच्या सोर्सला भक्कम संरक्षण आहे, पण हा खटला फेडरल होता आणि फेडरल पातळीवर तसा कायदा नव्हता. दोघांनी नाव सांगायला नकार दिला. सप्टेंबर 2006 मध्ये न्यायाधीशांनी 18 महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास सुनावला, अपील होईपर्यंत स्थगित. म्हणजे ज्यांनी स्टिरॉइड्स विकली त्यांना काही महिन्यांची शिक्षा, आणि बातमी देणाऱ्यांना दीड वर्ष!

फेब्रुवारी 2007 मध्ये कोडं सुटलं. सोर्स होता ट्रॉय एलरमन, बाल्कोच्या आरोपींचाच वकील. त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने एफबीआयला माहिती दिली. एलरमनने गुन्हा कबूल केला, पत्रकारांवरची समन्स मागे घेतली गेली, त्याला 30 महिन्यांची शिक्षा झाली.

आता गोष्टीतला अवघड भाग. याच एलरमनने कागद दाखवले आणि नंतर कोर्टात अर्ज केला, की सरकारनेच माहिती फोडली, म्हणून खटला रद्द करा. त्यानंतरही त्याने आणखी कागद दाखवले आणि पत्रकारांनी ते घेतले. कोर्टात खोटं बोलणाऱ्या माणसाला झाकलं, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही.

माझं मत सांगतो. सोर्सला दिलेला शब्द हे चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट नाही. आतली माहिती बहुतेक वेळा आतल्याच माणसाकडे असते, आणि त्याचे हात अनेकदा स्वच्छ नसतात. तो वाईट निघाला म्हणून नाव सांगितलं, तर पुढचा प्रामाणिक माणूसही फोन उचलणार नाही. त्यामुळे गप्प राहणं मला पटतं. पण तो कोर्टाची फसवणूक करतोय हे समजल्यावर त्याच्याकडून आणखी कागद घेणं, हा नवा निर्णय होता. तिथे थांबता आलं असतं.

2007 च्या शेवटी फायनारू-वाडा ईएसपीएनमध्ये गेला. भाऊ स्टीव्ह फायनारूबरोबर त्याने 2013 मध्ये 'लीग ऑफ डिनायल' हे पुस्तक लिहिलं, अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला बसणाऱ्या मारामुळे मेंदूला होणाऱ्या इजेवर. खेळ बदलला, प्रश्न तोच राहिला: हे कोणाला माहीत होतं, आणि ते गप्प का बसले?

तुम्ही त्याच्या जागी असता तर एलरमनकडे दुसऱ्यांदा गेला असता का? कमेंटमध्ये जरूर लिहा. भेटू पुढच्या भागात.