शेवट गोड, तर सारेच गोड?

प्रेमकथा हाती घेणाऱ्या वाचकाला एक गोष्ट बहुधा आधीच ठाऊक असते. नायक-नायिका अखेर एकत्र येणार! तरीही तो शेवटच्या पानापर्यंत पुस्तक खाली ठेवत नाही. असे का व्हावे?

२०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी १२ लघुकथा काही वाचकांना शेवट आधी सांगून, तर काहींना न सांगता वाचायला दिल्या. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलट निष्कर्षही निघाले. तेव्हा एवढेच म्हणता येईल, की ‘काय होणार’ याइतकीच ‘कसे होणार’ याचीही उत्सुकता आपल्याला असते.

पण शेवट गोडच का हवा? १९९३ साली डॅनियल काहनेमन व सहकाऱ्यांनी ३२ जणांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद बुडवायला सांगितला. दुसऱ्या हाताच्या वेळी तेवढेच ६० सेकंद, शिवाय आणखी ३० सेकंद. या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले. यांपैकी काय पुन्हा कराल, असे विचारल्यावर २२ जणांनी दुसरा प्रकार निवडला. त्यात एकूण त्रास जास्त होता, पण शेवट सौम्य होता. म्हणजे आपली स्मृती त्रासाची बेरीज करत नाही. तीव्र क्षण आणि शेवट यांनाच ती अधिक महत्त्व देते.

कथेबाबतही असेच घडत असावे, हा आमचा तर्क. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न सगोत्र म्हणून मोडते आणि शारदा कोदंडाची होते. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूला मात्र अशी सुटका नाही. वैधव्य, सक्तीचे केशवपन आणि मृत्यू. हा शेवट गोड केला असता, तर तिचे दुःख वाचकाच्या मनात तितकेच टिकले असते का?

पुण्यात असो, धायरीत असो, कोणत्याही शाळेत हे तपासता येईल. एकच कथा वर्गातील एका गटाला सुखान्त, दुसऱ्याला दुःखान्त करून द्यावी. आठवड्याने दोघांनाही मधले प्रसंग लिहायला सांगावेत आणि कोणाला काय आठवते, याची तुलना मुलांनाच करू द्यावी.